वास आला, आग दिसली नाही

२ जून १९८३ची संध्याकाळ. एअर कॅनडाचं ७९७ क्रमांकाचं विमान डॅलसहून टोरांटोमार्गे माँट्रियलला निघालं होतं. डीसी-९ जातीचं विमान, आत ४१ प्रवासी आणि ५ कर्मचारी. ६ वाजून ५१ मिनिटांनी कॉकपिटमधले तीन सर्किट ब्रेकर पडले. ते मागच्या टॉयलेटच्या फ्लश मोटरचे होते. घरात एमसीबी पडला की आपण वर करून बघतो, कॅप्टन डोनाल्ड कॅमेरॉन यांनीही तेच केलं. ब्रेकर टिकले नाहीत. मोटर गरम झाली असेल, असं वाटून विमान पुढे जात राहिलं.

सातच्या सुमारास मागे बसलेल्या एका प्रवाशाला विचित्र वास आला. टॉयलेटचं दार उघडलं तर आत धूर होता, ज्वाळा मात्र कुठेच नव्हत्या. मुख्य परिचराने कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आत रिकामा केला. प्रवाशांना पुढच्या रांगांत हलवलं. कॉकपिटला निरोप गेला की धूर कमी होतोय.

खरी अडचण इथेच होती. आग भिंतीच्या पॅनेलमागे होती आणि तिथवर फवारा पोचत नव्हता. वैमानिकांना वाटलं, कचऱ्याच्या डब्यात काहीतरी पेटलं असावं. तसं वाटायला कारणही होतं. १९७३मध्ये पॅरिसजवळ व्हारिग कंपनीच्या विमानात टॉयलेटमधल्या आगीनेच १२३ जीव घेतले होते. सहवैमानिक दुसऱ्यांदा मागे गेला, तेव्हा टॉयलेटचं दार हाताला गरम लागलं. त्याने ते उघडू दिलं नाही. ७ वाजून ८ मिनिटांनी 'मेडे' पुकारला गेला.

वीज जात होती, उपकरणं एकेक बंद पडत होती. परिचरांनी ओले टॉवेल वाटले, नाकातोंडावर धरायला सांगितलं आणि धडधाकट प्रवाशांना पंखांवरचे दरवाजे कसे उघडायचे ते समजावलं. ७ वाजून २० मिनिटांनी विमान सिनसिनाटीला उतरलं. दारं उघडली आणि त्यातून ताजी हवाही आत शिरली. साधारण ६० ते ९० सेकंदांत आख्खी केबिन एकदम पेटली. पाचही कर्मचारी आणि १८ प्रवासी वाचले. २३ जण गेले. त्यांत ३३ वर्षांचा लोकगायक स्टॅन रॉजर्स होता.

अमेरिकेच्या चौकशी मंडळाला आग नेमकी कशाने लागली ते सांगता आलं नाही. पहिल्या अहवालात वैमानिकांनी खाली उतरायचा निर्णय घ्यायला उशीर केला, असा ठपका होता. नंतरच्या सुधारित अहवालात शब्द बदलले: आगीचं स्वरूप समजून घ्यायला आणि निर्णय घ्यायला लागलेला वेळ. फरक बारीक वाटेल, पण माणसांना न्याय देणारा आहे. भिंतीमागे काय जळतंय हे कुणालाच दिसत नव्हतं आणि आलेले निरोप एकमेकांशी जुळत नव्हते.

पुढच्या काही वर्षांत नियम बदलले. टॉयलेटमध्ये धूर ओळखणारी यंत्रं आली, कचऱ्याच्या डब्यांना आपोआप सुटणारे अग्निशामक बसले, सीटच्या गाद्यांना आग रोखणारं आवरण आलं. धूर वर साठतो आणि छतातले दिवे झाकले जातात, म्हणून वाट दाखवणारे दिवे जमिनीलगत आले.

आज केबिनमध्ये कसलाही वेगळा वास आला आणि विमान मधेच कुठेतरी उतरवलं, तर आपण वैतागून फोन काढतो आणि उशिराबद्दल पोस्ट टाकतो. त्या उशिरामागे १९८३ची ती काही मिनिटं असतात. वास कशाचा आहे ते जमिनीवर उतरून शोधता येतं.