यादी संपली का?

साताऱ्यात आमचं पाट्या कोरायचं दुकान. कोनशिला, देवळातल्या देणगीदारांची नावं, समाधीवरच्या तारखा. अण्णांनी हातात छिन्नी दिली तेव्हा पहिला धडा अक्षरांचा नव्हता. गिऱ्हाईकाला आधी विचारायचं, "यादी संपली का?" भरलेल्या पाटीत मागाहून एक नाव घुसवताना काय हाल होतात, ते कोरणाऱ्यालाच ठाऊक.

लेकीकडे दिल्लीला गेलो, तेव्हा इंडिया गेट मी याच नजरेनं पाहिलं. ल्युटेन्सनं आखलेली ही ४२ मीटर उंच कमान. कोनशिला १९२१ची, उद्‌घाटन १९३१चं. पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची तेरा हजारांवर नावं थेट कमानीच्या दगडातच आहेत. मेलेले त्याहून कितीतरी जास्त, सत्तर हजारांच्या घरातले. आमच्या जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धातून परतले नाहीत. पण कमानीवर कोरलं तेवढ्यावर यादी मिटली.

पुढच्या महायुद्धातल्यांना तिथे जागा मिळाली नाही. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळाही उभा राहिला. पण युद्धस्मारकावरचं त्यांचं नाव वाचायचं तर इटलीत कॅसिनोला जायला हवं.

स्वातंत्र्यानंतर मरणाऱ्यांची यादी नव्यानं सुरू झाली. काश्मीर, चीन, १९६५, १९७१. बांगलादेशच्या युद्धानंतर २६ जानेवारी १९७२ला कमानीखाली अमर जवान ज्योती पेटली. उलटी रोवलेली बंदूक, तिच्यावर शिरस्त्राण, बाजूला ज्योत. नाव एकाचंही नव्हतं. सैन्यदलं १९६०पासून स्मारक मागत होती. मंत्रिमंडळानं मंजुरी दिली २०१५मध्ये. मग आराखड्यांची जागतिक स्पर्धा झाली, तीत चेन्नईचे वास्तुरचनाकार योगेश चंद्रहासन यांचा आराखडा निवडला गेला आणि २५ फेब्रुवारी २०१९ला स्मारक खुलं झालं.

कमानीच्या पूर्वेला, एकात एक अशी चार वर्तुळं. मधल्या अमर चक्रात स्तंभ आणि ज्योत. २०२२मध्ये इंडिया गेटची ज्योत आणून याच ज्योतीत मिळवली. वीरता चक्रात रेझांग ला, लोंगेवाला अशा लढायांची सहा कांस्यशिल्पं आहेत. ती धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांची. लोक तिथे फोटो काढत होते. मी मात्र त्यागचक्रात अडकलो.

तिथे सोळा भिंती. उद्‌घाटनाच्या दिवशी नावं होती २५,९४२. पण लांबलचक शिळेवर ओळीखाली ओळ, असं काम नाही. दर माणसाला ग्रॅनाइटची वेगळी पाटी, विटेएवढी, आणि भिंत या पाट्यांचीच रचलेली. मी बोटानं सांधे चाचपले. एक पाटी फुटली तर शेजाऱ्याला धक्का न लावता बदलता येईल, हा पहिला फायदा माझ्या लगेच लक्षात आला. दुसरा उमगला तेव्हा हात मागे घेतला. ही भिंत वाढवता येते. गलवानमध्ये जून २०२०त वीस जण गेले. पुढच्या वर्षी त्यांची नावं इथे लागली. कमानीच्या दगडात ती कुठं बसवली असती?

परत आल्यावर महिनाभरात जवळच्या एका गावचे सरपंच दुकानात आले. सोबत दोन माजी सैनिक. गावच्या शहीद जवानांची शिळा करायची होती. कागदावर तीन नावं, सुवाच्य अक्षरांत, हुद्द्यांसह.

"मधोमध घ्या, म्हणजे शोभेल," सरपंच म्हणाले.

माजी सैनिकांपैकी एकाचा मुलगा सध्या सरहद्दीवर असतो, हे मला माहीत होतं. अण्णांचा प्रश्न जिभेवर आला तसा गिळला. तिन्ही नावं वरच्या अंगाला घेतली. खालचा निम्मा दगड नुसता घासून ठेवला.

शिळा न्यायला आले तेव्हा त्या मोकळ्या जागेबद्दल कुणी काही विचारलं नाही.