सरोवराच्या काठाकाठाने

खाऱ्या पाण्याच्या शेजारी लहानाचे मोठे झालेल्या आम्हांला मिशिगन सरोवराने पहिल्याच भेटीत चकवले. लाटा होत्या, वाळू होती, पैलतीर दिसत नव्हता. परंतु ओंजळीतले पाणी ओठांना लावले, तर त्यात मीठ नव्हते. सुमारे ४९० किलोमीटर लांब आणि रुंदीला जास्तीत जास्त १९० किलोमीटर भरणाऱ्या या जलाशयाला तळे म्हणणे जिवावर येते. जून महिन्यात शिकागोहून निघून, सरोवर डाव्या हाताला ठेवीत, आम्ही मुलाबाळांसह लडिंग्टनपर्यंत मोटारीने गेलो. निघालो होतो डुंबायला. पण वाटेतल्या गावागावाने आम्हांला आपला इतिहासही ऐकवला.

शिकागोच्या काठी आज बागा आणि चौपाट्या आहेत. सरोवराचा काठ जनतेचा असावा, हा आग्रह डॅनियल बर्नहॅम यांच्या १९०९ सालच्या नगर-आराखड्यात स्पष्ट दिसतो. त्या काळी कामगारांची उन्हाळी सहल आगबोटीने होत असे. २४ जुलै १९१५ रोजी एका विद्युत कारखान्याचे कामगार बायकामुलांसह 'ईस्टलँड' बोटीवर चढले. त्यांना मिशिगन सिटीच्या किनाऱ्यावर वनभोजनासाठी जायचे होते. अडीच हजारांहून अधिक माणसे बोटीवर होती. धक्क्याचे दोर पुरते सुटण्यापूर्वीच बोट शिकागो नदीत कलंडली. पाणी जेमतेम वीस फूट खोल आणि काठ हाकेच्या अंतरावर. तरीही ८४४ जीव गेले. बावीस कुटुंबे तर समूळ नाहीशी झाली. ही बोट मुळातच डोलकाठी होती. त्यात 'टायटॅनिक'च्या दुर्घटनेनंतर वरच्या भागावर जादा जीवनौका चढवल्याने तिचा तोल अधिकच ढळला होता. माणसे वाचवण्यासाठी केलेल्या उपायाने माणसे बुडावीत, याहून मोठे दुर्दैव कोणते?

शिकागो मागे पडले की गॅरी लागते. १९०६ साली पोलादाच्या कारखान्यासाठी वाळूचे डोंगर सपाट करून हे शहर वसवले गेले. त्याच्या पलीकडे इंडियानाच्या वालुकाटेकड्या सुरू होतात. १८९९ साली हेन्री काउल्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने येथेच एक सिद्धान्त मांडला. काठाजवळच्या उघड्या वाळूत आधी गवत रुजते, मागाहून झुडपे येतात आणि शेवटी ओकचे रान उभे राहते, हा क्रम त्याने पायी हिंडून टिपला. या टेकड्या राखाव्यात म्हणून १९१६ साली शिकागोत सरकारी सुनावणी झाली. पुढच्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली आणि तो विषय मागे पडला. १९५२ साली डोरोथी ब्युएल या गृहिणीने थोड्या स्त्रियांना सोबत घेऊन चळवळ उभारली. सिनेटर पॉल डग्लस त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९६६ साली तडजोड झाली. मधला पट्टा बंदर व पोलाद कारखान्याकडे गेला, उरलेला राष्ट्रीय किनारा म्हणून राखला गेला. २०१९ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आमची मुले ज्या उतारावरून घसरत खाली आली, तो उतार अशा पन्नास वर्षांच्या चिकाटीने वाचलेला आहे.

सगळेच वाचले नाही. मिशिगन सिटीला 'हूझियर स्लाइड' नावाची सुमारे दोनशे फूट उंच वाळूची टेकडी होती. शिकागोचे प्रवासी ती चढून जाण्यासाठी मुद्दाम येत. तिची वाळू काच करण्यास उत्तम ठरली आणि तेच तिच्या मुळावर आले. १८९०च्या सुमारास उपसा सुरू झाला आणि तीस वर्षांत आगगाडीच्या वाघिणींतून अख्खी टेकडी निघून गेली. तिच्यातून फळे टिकवण्याच्या निळसर बरण्या घडल्या. त्या जागी पुढे वीजकेंद्र उभे राहिले.

वाळू नेता येते, तशी माणसेही हुसकावता येतात. हा सारा मुलूख पोटावाटोमी लोकांचा. १८३३च्या शिकागो तहाने त्यांची जमीन गेली. सप्टेंबर १८३८ मध्ये इंडियानातील साडेआठशेहून अधिक पोटावाटोमींना बंदुकीच्या धाकाने कॅन्ससकडे हाकलण्यात आले. सुमारे ६६० मैलांच्या त्या वाटेवर चाळीसहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत बहुतेक मुले होती. फादर बेंजामिन पेटिट हे तरुण धर्मगुरू त्यांच्यासोबत चालले, स्वतः आजारी पडले आणि परतीच्या वाटेवर सेंट लुईस येथे १८३९ साली सत्ताविसाव्या वर्षी निवर्तले. लिओपोल्ड पोकॅगन या कॅथलिक नायकाने मात्र आपल्या लोकांसाठी मिशिगनमध्येच राहण्याचा हक्क मिळवला होता. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. त्यांच्या जमातीला केंद्र सरकारची मान्यता मिळायला १९९४ साल उजाडावे लागले.

सॉगाटकजवळ कालामाझू नदीच्या मुखाशी सिंगापूर नावाचे गाव होते. १८७१च्या ऑक्टोबरात शिकागो आणि हॉलंड ही शहरे जळाली. ती पुन्हा बांधण्यासाठी येथील गिरण्यांनी लाकूड पुरवले. भोवतालचे रान संपले, वाळूला अडवणारे झाड उरले नाही आणि काही वर्षांतच ओसाड पडलेले गाव वाळूखाली गडप झाले.

लडिंग्टनला काठावर एक उंच क्रूस आहे. येशूसंघीय फादर जॅक मार्केत यांनी १६७५ साली, वयाच्या ३७व्या वर्षी, या सरोवराच्या पूर्वकाठी देह ठेवला. ती जागा हीच, असे लडिंग्टनकर मानतात. उत्तरेकडील फ्रँकफर्ट गावही तो मान मागते. दोन वर्षांनी त्यांच्या ओडावा भक्तांनी त्यांच्या अस्थी होड्यांतून सेंट इग्नेसच्या मठात नेल्या.

सूर्य पाण्यात उतरेपर्यंत आम्ही तेथे बसलो. निघताना मुलांच्या हातांत वाळूने भरलेल्या दोन बाटल्या दिसल्या. "एवढीशी तर आहे," ती म्हणाली. आम्ही त्यांना हूझियर स्लाइडची आठवण करून दिली. थोड्या कुरकुरीनंतर दोन्ही बाटल्या काठावर रिकाम्या झाल्या.