चार मीटरच्या आतली गोष्ट

गेले दीड महिने आमच्या घरात एकच विषय आहे. मुलगी कोल्हापूरला बँकेत आहे, इचलकरंजीहून रोज जाऊन-येऊन करते. हातकणंगले, अतिग्रे करत तीसेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. आतापर्यंत स्कूटर होती. पण गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळी मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागतात, आणि ती घरी पोचेपर्यंत तिची आई गॅलरीतनं हलत नाही. म्हणून आता गाडी. बजेट सात-आठ लाख, त्यातलं बरंचसं कर्ज. तिच्या अटी दोनच : खिशाला परवडली पाहिजे आणि चालवताना मजा आली पाहिजे. "नुसतं पोचायचं असेल तर एस.टी. आहे की," हे तिचं वाक्य.

मी गाड्यांच्या इतिहासाचा जुना रोगी. तिने विचारलं "पप्पा, कुठली घेऊ?" आणि मी सुरुवात केली १९४४ पासून. ती उठून गेली. म्हणून आता तुम्हाला सांगतो.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. आधी अमेरिकन धुडं, पुढे इटलीची फियाट. तिकडे बंगालात उत्तरपाड्याला अँबॅसिडर, मद्रासला स्टँडर्ड. पुढची पंचवीस-तीस वर्षं देशाला गाड्यांची निवड एवढीच. परवाना सरकारचा, किती गाड्या काढायच्या तो आकडा सरकारचा, किंमतसुद्धा सरकार ठरवणार. या किमतीवरून प्रीमियर सुप्रीम कोर्टात गेली होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अख्ख्या देशात वर्षाला चाळीसेक हजार मोटारी बनत होत्या. आज एवढ्या तीन-चार दिवसांत खपतात.

त्यातली 'लहान' गाडी म्हणजे फियाट, पुढची पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, हँडलला गिअर, मागची चाकं ओढणारी. अँबॅसिडरच्या मानाने हलकी आणि हाताला गोड. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती पन्नासेक वर्षं वापरली ती उगीच नाही. गल्लीत वळते, गॅरेजवाला कुठेही मिळतो. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा लोक फोटो काढायला गेले होते.

माझ्या वडिलांनी पद्मिनीचा नंबर लावला होता, सत्तरच्या दशकात. सहा वर्षांनी नंबर आला. तोवर घरात आम्ही तीन भावंडं शिकत होतो. वडिलांनी काय करावं? एका सूतव्यापाऱ्याला 'ऑन' घेऊन तो नंबर दिला, आणि त्या पैशांत थोडी भर घालून जुने दोन माग घेतले. आमचं शिक्षण त्या दोन मागांवर झालं. हे बेकायदा होतं का? असेल. गावात सगळेच करत होते. ज्या देशात गाडीपेक्षा गाडीच्या रांगेतली जागा जास्त किमतीची, तिथे दुसरं काय होणार!

आता इचलकरंजीचा विषय निघालाय तर मीराबद्दल बोललंच पाहिजे. नव्या पोरांना हे नावही ठाऊक नाही. आपल्या गावचे शंकरराव कुळकर्णी. शाळा फार शिकलेले नाहीत, पण डोकं यंत्रात. १९४० च्या दशकात त्यांनी स्वतःच्या हिमतीवर छोटी मोटार बनवायला घेतली आणि तिला नाव दिलं मीरा. एकामागून एक नमुने केले, आधीचा सुधारून पुढचा, असं सत्तरच्या दशकापर्यंत. साधारण बारा हजारांत सामान्य माणसाला मोटार द्यायची असं त्यांचं गणित होतं. मीरा रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली. कारखाना मात्र कधी उभा राहिला नाही. परवाना, भांडवल, दिल्लीच्या खेपा, या फेऱ्यात ती अडकली ती अडकलीच. माझे मामा सांगायचे की त्यांनी लहानपणी तिच्यामागे पळून धूळ खाल्ली आहे. मामा थापाडे होते, पण ही गोष्ट खरी असावी असं मला वाटतं.

आणि याच काळात दिल्लीत काय चाललं होतं? स्वस्त मोटार हवी ही चर्चा १९६० च्या आसपासपासून समित्यांमधून फिरत होती. १९७० मध्ये लहान गाडीसाठी सरकारचं इरादापत्र मिळालं ते संजय गांधींना, म्हणजे पंतप्रधानांच्या चिरंजीवांना. अनुभव काय, तर रोल्स रॉईसमध्ये केलेली उमेदवारी. गुडगावजवळ सुमारे तीनशे एकर जमीन मिळाली, हरयाणाचे मुख्यमंत्री बन्सीलाल मागे उभे राहिले. गाड्या काही रस्त्यावर आल्या नाहीत. आणीबाणीनंतर कंपनी अवसायनात गेली, तिच्या कारभारावर न्यायमूर्ती गुप्ता आयोग बसला. शंकररावांची मोटार चालत होती पण त्यांच्याकडे कागद नव्हता. तिकडे कागद होता आणि मोटार नव्हती. मला संजय गांधींचा राग यासाठी येत नाही की ते अयशस्वी झाले. गाडी बनवणं अवघडच असतं. राग येतो तो रांग कुणासाठी होती आणि कुणासाठी नव्हती याचा.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १९८१ मध्ये सरकारी मारुती उद्योग, १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार, आणि १४ डिसेंबर १९८३ ला, म्हणजे संजय गांधींच्या जन्मदिवशी, इंदिराबाईंनी दिल्लीत पहिल्या गिऱ्हाइकाला चावी दिली. हरपाल सिंग त्यांचं नाव, इंडियन एअरलाईन्समध्ये नोकरीला होते. गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आसपास. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुढची चाकं ओढणारी.

हे 'पुढची चाकं ओढणारी' प्रकरण जरा समजून घ्या, कारण छोट्या गाडीची सगळी मेख त्यात आहे. मागची चाकं फिरवायची तर इंजिनापासून मागेपर्यंत लोखंडी दांडा न्यावा लागतो. त्यासाठी मधे बोगदा येतो, वजन वाढतं, जागा जाते. पुढेच इंजिन आडवं ठेवून पुढचीच चाकं फिरवली की तो दांडा गेला, बोगदा गेला, गाडी आखूड होऊनही आत चार माणसं नीट बसतात. वजन कमी म्हणून लहान इंजिन पुरतं, आणि लहान इंजिन म्हणून पेट्रोल कमी. सातशे किलोच्या आतली मारुती पहिल्यांदा चालवली तेव्हा पद्मिनीवर हात बसलेले लोक चपापले होते. गिअर पायाशेजारी, क्लच मऊ, ॲक्सिलरेटरला पाय लावला की गाडी पुढे. आमच्याकडे ती १९९३ मध्ये आली, जुनी, पांढरी. पन्हाळ्याच्या चढाला ती ज्या उत्साहाने जायची तसा उत्साह मी नंतर तिप्पट ताकदीच्या गाडीतही बघितला नाही. २०१४ मध्ये बंद होईपर्यंत एकट्या भारतात २६ लाखांहून अधिक खपल्या.

मग नव्वदचं दशक. झेन १९९३ ला आली, आणि 'मजा' हा शब्द मध्यमवर्गाच्या मोटारीला बहुधा तेव्हा पहिल्यांदा लागला. १९९८ साल तर पर्वणीच होतं. सँट्रो, मॅटिझ आणि वर्षाच्या अखेरीला आपल्या पिंपरीची इंडिका, सगळं एकाच वर्षात. इंडिकासाठी टाटांनी ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना खरेदी करून इथे आणला, हे आजही मला थरारक वाटतं. पुढे २००९ मध्ये नॅनो. स्कूटरवर भिजत चाललेलं कुटुंब बघून सुचलेली गाडी, पुण्यात घडलेली, लाखाचा शब्द पाळलेली. तरी ती चालली नाही. सिंगूरहून साणंदला जाण्यात वेळ गेला हे एक कारण, पण मोठं कारण आपण आहोत. आयुष्यातली पहिली गाडी घेणाऱ्या माणसाला 'सर्वात स्वस्त' असं लिहिलेली गाडी दारात उभी करायची नसते. रतन टाटांनीही नंतर हे कबूल केलं होतं.

खरी गंमत मात्र २००६ च्या बजेटात आहे. चिदंबरम यांनी लहान गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. पण लहान म्हणजे काय? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. झालं. त्या दिवसापासून या देशात गाडी आधी टेपने मोजली जाते आणि मग तिचं चित्र काढलं जातं. डिकी छाटलेल्या सेडान आल्या. डिझायरची लांबी २०१२ मध्ये ३९९५ मिलिमीटर केली, म्हणजे पाच मिलिमीटर सोडले! मोठ्या इंजिनाच्या छोट्या गाड्यांचे दिवस भरले. चाकणच्या पोलोत १.६ लिटरचं इंजिन यायचं, ते बंद झालं. मग अभियंत्यांनी बाराशेच्या आत टर्बो बसवून तीच ताकद काढली. पालिओ १.६ ज्यांनी चालवली आहे त्यांच्यापुढे मी याहून जास्त बोलत नाही, डोळ्यांत पाणी येईल.

पण नियमात लांबी होती आणि इंजिन होतं. उंची नव्हती, वजनही नव्हतं. मग कंपन्या उभ्या वाढल्या. इकोस्पोर्ट, ब्रेझा, नेक्सॉन, सगळ्या चार मीटरच्या आत, बऱ्याचशा करापुरत्या 'लहान'. आणि गिऱ्हाईकही खुशीने गेलं, कारण आपल्या रस्त्यावरचे खड्डे आणि कुणाच्या तरी मर्जीने रातोरात उगवलेले स्पीडब्रेकर उंच गाडीलाच झेपतात. म्हणजे बघा, लहान गाडी वाढावी म्हणून सवलत दिली, रस्ते नीट केले नाहीत, आणि दोन्ही मिळून ठेंगणी, हलकी, चपळ गाडीच दुकानातून हद्दपार होत चालली. गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ ला, जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला तेव्हाही व्याख्या तीच, चार मीटर आणि बाराशे-पंधराशे. कर कमी झाला याचा आनंदच आहे, मुलीचे पैसे वाचले. पण वजनावर कर लावावा असं एकाही पक्षाच्या माणसाच्या डोक्यात येत नाही याचं नवल वाटतं.

एक गोष्ट मात्र मला बदलावी लागली. 'जुन्या हलक्या गाड्या किती छान' असं मी म्हणत असे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने आपल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची धडक चाचणी घेतली, पाचही शून्यावर. माझी पांढरी मारुती त्या परीक्षेत नव्हती, पण तिचा निकाल काय लागला असता ते सांगायला नको. २०१९ पासून एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्या सीटलाही. गाड्या जड आणि महाग होण्यात याचाही वाटा आहे आणि तो मला मान्य आहे. ट्रॉलीच्या मागे माझी मुलगी असणार आहे.

तर तिने काय केलं? आधी एक उंच गाडी चालवून पाहिली, नाव सांगत नाही. उतरल्यावर म्हणाली, "टेरेसवर बसून चालवल्यासारखं वाटतं." मग जुन्या पोलोचा मोह झाला. मलाच जास्त झाला होता. पण आमच्या मेस्त्रीने सर्व्हिस रेकॉर्ड बघून मान हलवली. शेवटी नवी स्विफ्ट : सव्वानऊशे किलोच्या आसपास, सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना, वळणावर पोट डुचमळत नाही. शोरूमची किंमत बघून खूश होऊ नका हेही तिला मीच सांगितलं. आपल्या राज्यात पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के, त्यावर तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, आणि मग विक्रेता सरकवतो ते ॲक्सेसरीजचं पॅकेज. ते पॅकेज आम्ही नाकारलं. त्यावर अर्धा तास घासाघीस झाली आणि सीटकव्हर फुकटात मिळाली.

गाडी पंधरा दिवसांत दारात आली. वडील असते तर त्यांनी एवढंच विचारलं असतं, "नंबर कुणाचा घेतलास?"

आता एक विनंती. गावात कुणाकडे मीरा मोटारीचे जुने फोटो, कागद, एखादा सुटा भाग, काहीही असेल तर मला कळवा. मी येऊन बघून जाईन, नेणार नाही. वखारभागातल्या आणि जुन्या गावभागातल्या ऐंशीच्या पुढच्या मंडळींना जरा मुद्दाम विचारा.