आकड्यापलीकडची नस : नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटची वाटचाल

काचबिंदू म्हटलं की डोळ्यातलं प्रेशर, हे समीकरण अजूनही मोडलेलं नाही. आकडा 21 च्या वर गेला की संशय, खाली असला की रुग्ण निर्धास्त. विदर्भातल्या खेड्यांत हा हिशेब किती अपुरा आहे, ते नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटच्या कामातून दिसलं.

2006 ते 2008 या काळात या संस्थेचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतल्या मॅनहाइमचे डॉ. योस्ट योनास यांनी ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ उभी केली. नागपूरपासून सुमारे 40 किलोमीटरवरची 8 गावं निवडली. तिशी ओलांडलेल्या 5,885 जणांपैकी 4,711 जण तपासणीला आले. त्यांचं प्रेशर मोजलं, नजरेचा आवाका तपासणारी फील्ड टेस्ट केली, बुबुळाची जाडी घेतली, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे आणि पडद्याचे फोटो काढले.

त्यातले निष्कर्ष पुढे छापून आले. बुबुळाची सरासरी जाडी 514 मायक्रॉन भरली, प्रेशरची सरासरी 13.6. बुबुळ पातळ असलं की यंत्र प्रेशर कमी दाखवतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबणं धोक्याचं. नसेच्या तोंडाचा, म्हणजे डिस्कचा, आकारही माणसागणिक वेगळा निघाला. मोठ्या डिस्कमधला खळगा मुळातच मोठा असतो. तेवढाच खळगा लहान डिस्कमध्ये दिसला तर डॉक्टर सावध होतात.

1991 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत पुढे आलेल्या ओसीटी या स्कॅनमुळे आता नसेच्या तंतूंचा थर मायक्रॉनमध्ये मोजता येतो. तरी फोटोची गरज संपलेली नाही. डिस्कच्या काठावर उमटलेली रक्ताची बारीक रेघ ओसीटीच्या जाडीच्या नकाशात येत नाही, रंगीत फोटोत मात्र दिसते. रोग पुढे सरकत असल्याची ती खूण असू शकते.

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा इथल्या वाचकांनी यातून एवढं घ्यावं : चाळिशी उलटली असेल, किंवा आईवडील-भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर चष्म्याच्या नंबरावर थांबू नका. थेंब टाकून नस तपासून घ्या, फोटो मागून फाइलला लावा आणि पुढच्या खेपेला सोबत न्या. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वेळेवर उपचार घेतल्यास बहुधा राखता येते.