पंख्याच्या वाऱ्यावरची ताकद

वाऱ्यावर गार होणाऱ्या इंजिनाची ताकद थोडी वाढवण्याचा इतिहास हिंगोली जिल्ह्यात शोधायचा, तर मोटारींकडे पाहून फारसं हाती लागत नाही. फियाट असो की अँबेसिडर, दोन्हींच्या तोंडाशी पाण्याचा रेडिएटर. इथलं वाऱ्यावरचं इंजिन म्हणजे रिक्षाचं, आणि त्यावर हात चालवणारा गॅरेजमधला मिस्त्री. त्याच्या कामाला आपण दुरुस्ती म्हणतो आणि जर्मनीतल्या तशाच कामाला ट्यूनिंग. मला हा भेद मान्य नाही. अशा इंजिनात ताकद वाढवणं म्हणजे आधी उष्णतेला वाट काढून देणं, आणि ते काम दोन्हीकडे एकच आहे.

पुरावा फोक्सवॅगन बीटलचा घ्या. 1951 च्या सुमारास गेर्हार्ड ओटिंगर यांनी या मोटारीसाठी दोन कार्ब्युरेटर आणि नवी सिलिंडर हेड असलेला ‘ओक्रासा’ संच विकायला काढला, आणि हौशी लोकांना तोच इतिहास आठवतो. खुद्द कारखान्याची वाटचाल मला जास्त बोलकी वाटते. युद्धानंतरचं 1131 सीसीचं इंजिन 25 अश्वशक्तीचं होतं. 1971 च्या मॉडेलमध्ये ते 1584 सीसी आणि 50 अश्वशक्तीवर पोचलं. मधल्या काळात एक दुखणं कायम राहिलं. तेलाचा कूलर पंख्याच्या खोक्यातच, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभा होता. त्या सिलिंडरला वारा कमी आणि तोही आधीच तापलेला. ते जळू नये म्हणून काही डिस्ट्रिब्युटरमध्ये त्या एकट्याची ठिणगी मुद्दाम दोनेक अंश उशिरा पडे. 50 अश्वशक्तीचं इंजिन आलं त्याच वर्षी कारखान्याने तो कूलर बाजूला सरकवून त्याला वेगळी वाट दिली. गारव्याची सोय झाली तेव्हाच वाढीव ताकद अंगी लागली.

आता रिक्षा. बजाजने मागच्या इंजिनाची रिक्षा 1977 मध्ये आणली. 1985 मध्ये औरंगाबादजवळ वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि 1999 मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्या सगळ्या काळात मराठवाड्याच्या रस्त्यांवर तिचंच टू-स्ट्रोक इंजिन घुमत होतं. बोअर 57 मिलिमीटर, स्ट्रोकही 57, म्हणजे 145.45 सीसी. बोअर मारून एक मिलिमीटर मोठा पिस्टन टाकला तरी हिशेब 150 सीसीच्या थोडा पुढे जातो. वाढ जेमतेम साडेतीन टक्के. तरीही बोअर मारून आलेल्या रिक्षाचा पिकअप बदललेला चालकाला पहिल्याच चढावर कळतो, कारण रिंगांवरून निसटणारा दाब परत मिळालेला असतो. याहून मोठा फरक पात्यांत आहे. हेड आणि सिलिंडरच्या पात्यांमध्ये काळ्या मातीची धूळ आणि गळतीचं तेल मिळून डांबरासारखा थर बसतो. हॅकसॉचं जुनं पातं घालून तो खरवडला की खालचा धातू उजळ दिसू लागतो, आणि उन्हाळ्यात भरलेली रिक्षा औंढ्यापर्यंत पिस्टन जाम न होता जाते. पंख्यावरचं पत्र्याचं आवरण मात्र परत बसवायलाच हवं. ते काढल्यावर इंजिनाला जास्त वारा लागतो ही समजूत साफ चुकीची आहे. आवरण नसलं की वारा बाहेरच पसरतो, पात्यांत शिरतच नाही.

यावर कुणी म्हणेल, हे तर कारखान्यातून निघाली तेव्हाची ताकद परत आणणं झालं, यात वाढ कुठे? आक्षेप वजनदार आहे. पण कारखान्याने ती रिक्षा चालक आणि तीन प्रवासी धरून आखली होती; ग्रामीण रस्त्यावरच्या रिक्षात किती माणसं बसतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्या ओझ्याखाली, मे महिन्याच्या उन्हात तीच ताकद टिकवून धरणं ही मूळ आराखड्याच्या पलीकडची मजल आहे. दुसरा आक्षेप असा, की हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं की ताकद खरोखर वाढते. वाढतेच. पण दाबाबरोबर उष्णताही वाढते, आणि पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असेल तर इंजिन ठोके देऊ लागतं. थोड्याच दिवसांत पिस्टनच्या माथ्याला भोक पडायची पाळी येते. सायलेन्सर आगीत भाजून आतला कार्बन झाडण्याचा जुना रिवाज त्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा, कारण त्याने कोंडलेला गरम धूर मोकळा होतो.

पुढे फोर-स्ट्रोक आली, सीएनजी आला, आणि टू-स्ट्रोक मागे पडली. डिझेलच्या ॲपेमध्ये ग्रीव्ह्जचं 395 सीसीचं, एका सिलिंडरचं इंजिन आलं. त्याला ना प्लग, ना कार्ब्युरेटर. गार होतं मात्र वाऱ्यावरच, आणि त्याच्याही पात्यांत तोच काळा थर साचतो.