रविकिरण मंडळ आणि काव्यगायन

कीर्तनकारांनीं मोरोपंतांच्या आर्या आणि तमासगिरांनीं शाहिरांच्या लावण्या गांवोगांव नेल्या. केशवसुतांस असा वाहक लाभला नाहीं. १९०५ सालीं ते निवर्तले तेव्हां त्यांच्या कवितांचें पुस्तकहि निघालेलें नव्हतें. आधुनिक कविता बहुतांशीं मासिकांच्या वर्गणीदारांपुरतीच राहिली होती.

ही कोंडी पुण्याच्या रविकिरण मंडळानें फोडली. १९२३ सालीं स्थापन झालेल्या या मंडळांत माधव जूलियन, गिरीश, यशवंत प्रभृति कवि होते. सभांतून कविता गाऊन दाखविण्याची प्रथा या मंडळामुळें रूढ झाली आणि छापील पानास न लाभलेला श्रोतृवर्ग कवितेस लाभला. यशवंतांची ‘आई’ कवितेचें एकहि पुस्तक नसलेल्या घरांत जाऊन पोंचली.

ऐकणाऱ्यास मागची ओळ पुन्हां पाहतां येत नाहीं. म्हणून गेय कवितेचा अर्थ कानावर पडतांच उमगावा लागतो आणि ध्रुपदानें तो धरून ठेवावा लागतो. चांगल्या कवितेस ही शिस्त मानवते. परंतु गोड गळा दुबळ्या ओळीसहि तारून नेतो, आणि टाळ्या शब्दांना पडल्या कीं सुरांना, हें कवीस कळत नाहीं. मग तेंच चांदणें आणि तीच हुरहुर!

प्र. के. अत्रे यांनीं ही लकब अचूक हेरली. ‘केशवकुमार’ या नांवानें लिहिलेलीं त्यांचीं विडंबनें १९२५ सालीं ‘झेंडूचीं फुलें’ या संग्रहांत प्रसिद्ध झालीं. विडंबन रंगण्यास मूळ कविता लोकांच्या कानांत बसलेली असावी लागते. तेव्हां हा उपहास मंडळाच्या लोकप्रियतेचा दाखलाहि होता.

पुढें सभेच्या जोडीला ग्रामोफोन आला. मेहकरचे ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांच्या आवाजांत तबकडीवर गाजली. कवीचा पहिला संग्रह मात्र १९५४ सालीं निघाला! तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तेवढ्यांत मावेल तेवढेंच काव्य.

१९४७ सालीं मर्ढेकरांच्या ‘कांहीं कविता’ आल्या. मर्ढेकर स्वतः नभोवाणींत अधिकारी होते; आवाजाचें सामर्थ्य त्यांस अपरिचित नव्हतें. तरी त्यांनीं भावगीताचा गोडवा दूर सारून ओवी-अभंग जवळ केले आणि त्यांत यंत्रयुगांतील शहराचें ओबडधोबड जिणें आणलें. ही कविता एका ऐकण्यांत हातीं लागत नाहीं. पुष्कळ रसिक बिथरले.

त्यानंतरच्या काळांत वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगांवकर हे तिघे कवि गांवोगांव हिंडले, ते मुख्यतः कविता वाचून दाखविण्यासाठीं. साथीला वाद्यें नव्हतीं. श्रोते मात्र होते.