दोन पावलांचा व्हिसा

२००७ च्या जुलैमध्ये आई-बाबा पहिल्यांदा जर्मनीत आमच्याकडे आले होते. एका शनिवारी त्यांना घेऊन बोडन सरोवराकाठच्या कॉन्स्टान्झला गेलो. हे गाव स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगेनला इतकं चिकटलेलं, की चालता चालता देश बदलतो. सरोवराकाठी दोन्ही गावांमधलं जुनं कुंपण आदल्याच वर्षी काढलं होतं आणि त्या जागी शिल्पं उभी केली होती. शिपाई नाही, फाटक नाही. आई म्हणाली, "चला की पलीकडे!" बाबा मात्र थांबले. "आपल्याकडे स्वित्झर्लंडचा व्हिसा नाही ना? मग नको."

मंडळी, बाबांचं बरोबर होतं. त्यांच्या पासपोर्टवर एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा होता आणि तेव्हा स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये नव्हतं. ती दोन पावलं म्हणजे व्हिसाशिवाय परदेशात प्रवेश. वर परतताना जर्मनीत येण्याचा हक्कही संपलेला!

हे शेंगेन म्हणजे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं, द्राक्षमळ्यांचं एक छोटंसं गाव. लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि जर्मनी या तिघांच्या सीमा तिथे भेटतात. १४ जून १९८५ रोजी तिथे नदीतल्या 'प्रिन्सेस मारी-अस्त्रिद' नावाच्या बोटीवर बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी या पाच देशांनी करार केला. आपापसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची, एवढंच ठरलं. आदल्या वर्षी सीमेवर तासन् तास खोळंबणाऱ्या ट्रकवाल्यांनी रस्ते अडवून सरकारांना जेरीला आणलं होतं, तेही एक कारण होतंच.

म्हणजे हा सगळा खटाटोप काही आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी नव्हता. पण आतली दारं काढायची, तर बाहेरचं दार सगळ्यांचं एकच हवं. पॅरिसमध्ये शिरलेला माणूस उद्या न विचारता ब्रसेल्सला जाणार, मग त्याला आत घ्यायचे नियमही सारखेच हवेत. म्हणून १९९० च्या दुसऱ्या करारात सामायिक व्हिसा आला आणि २६ मार्च १९९५ पासून सात देशांत तो प्रत्यक्ष लागू झाला. त्याआधी युरोप फिरायचा म्हणजे देशागणिक वकिलात आणि देशागणिक शिक्का.

अर्थात दार एक झालं तसं कुलूपही एक झालं. एका देशाने 'याला प्रवेश नको' अशी नोंद सामायिक काँप्युटरवर केली की बाकीच्यांचीही दारं बंद. दिवसांचा हिशोबही एकत्रच: कुठल्याही १८० दिवसांत सगळे देश मिळून ९०. अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील, तर जिथे आधी पोचणार त्याच्याकडे.

१२ डिसेंबर २००८ ला स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आलं. पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा पुन्हा आले, तेव्हा त्याच शिल्पांमधून बाबा पलीकडे गेले, वळले आणि आम्हाला हात केला. पलीकडच्या कॉफीचे दर ऐकून मात्र आईने लगेच परत फिरायचा आग्रह धरला!

ती रेघ पुसली गेली असं वाटलं होतं. पण मार्च २०२० मध्ये करोनामुळे त्याच शिल्पांशेजारी पुन्हा कुंपण आलं, आणि दोन्हीकडची प्रेमी माणसं जाळीला बोटं लावून बोलत उभी राहिली. मग अंतर राखायला दुसरं कुंपण. मे महिन्यात दोन्ही निघाली. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने पुन्हा आपल्या सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली.

आज शेंगेनमध्ये २९ देश आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र त्यात नाहीत. तेव्हा पॅरिसहून लंडनला जाऊन परत यायचं असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढा आणि आपल्या शेंगेन व्हिसावर किती प्रवेश लिहिलेत तेही पाहा. आणि आतल्या आत फिरतानाही पासपोर्ट खिशात ठेवा. बाबा अजूनही ठेवतात.